मूठ तांदळाचा निधी कमानीत घालू नका

प्रति,
माननीय पाळकसाहेब, चिटणीस, खजिनदार आणि चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीचे सर्व सभासद यांस,

प्रभूच्या नावात सलाम.

पत्र तुमच्या नावे आहे, तरी ते उघडपणे लिहिते आहे. हा विषय आता आपल्या एका मंडळीपुरता राहिलेला नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी इकडच्या मराठी मंडळ्यांत ज्यांची सोयरीक आहे त्यांना विचारा. थोड्याफार फरकाने हेच ऐकायला मिळते.

गेल्या महिन्यात उपासनेच्या शेवटी, आशीर्वादाआधी सूचना वाचताना चिटणीसांनी एक ओळ घाईघाईत वाचली. महिला मंडळाकडचा मूठ तांदूळ निधी कमिटीच्या ठरावानुसार इमारत निधीत वर्ग करण्यात आला आहे, अशी. त्यापुढची सूचना मात्र सावकाश वाचली गेली. नव्या कमानीशेजारच्या ग्रॅनाइटच्या पाटीवर नाव कोरून हवे असेल तर किमान देणगी किती, आणि नाव वरच्या रांगेत हवे असेल तर किती. लोक पाटीबद्दल बोलत बाहेर पडले. निधीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी कमिटीकडे लेखी विचारणा केली. उत्तर आले ते तोंडी, आणि तेही एका सभासदाने फाटकाशी गाठून दिलेले: "बाई, आता तांदूळ रेशनवर फुकट मिळतो. त्या निधीचं काम संपलं."

काम संपले की नाही ते पुढे सांगते. आधी मला बोलण्याचा अधिकार कुठून आला ते सांगते, कारण तोही प्रश्न विचारला गेला आहे.

माझे वडील वडगावात मागावर कामाला होते. ते अकाली गेले आणि आई आम्हा भावंडांना घेऊन मागे राहिली. त्या काळी आपल्या मंडळीतली प्रत्येक बाई चूल पेटवण्याआधी मापातल्या तांदळातून एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची आणि रविवारी तो डबा देवळात आणून ओतायची. त्यात खानापूरकडचा उकडा असे, कुणाचा बासमती, कुणाचा रेशनचा. सगळा एकत्र झाल्यावर धड शिजायचा नाही, काही दाणे गाळ तर काही कच्चे. म्हणून आई त्याचे पीठ करून आंबोळ्या घालायची. मी त्या आंबोळ्यांवर वाढले. पुढे मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले, आणि निवृत्तीनंतर महिला मंडळाने या निधीची वही माझ्याकडे दिली. आता बहुतेक घरे तांदळाऐवजी त्याच्या किमतीचे पैसे देतात. नाव मात्र तेच राहिले.

आता रेशनबद्दल. अन्नभाग्य योजनेत तांदूळ मिळतो हे खरे. २०२३ पासून गृहलक्ष्मीचे महिन्याला २,००० रुपये येतात, शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसने कर्नाटकात फुकट फिरता येते, हेही खरे. या योजनांनी आमच्यातल्या कितीतरी घरांचे हाल कमी केले आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानते. म्हणूनच गेली काही वर्षे हा निधी तांदळावर खर्च होतच नव्हता. वही उघडून पाहिली असती तर कमिटीला ते दिसले असते. डायलिसिस सरकारी योजनेत मोफत होते, पण आठवड्यातून दोन-तीनदा आजाऱ्यासोबत जाणाऱ्या मुलाचा रोज बुडतो, त्याचे काय? विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन दवाखाना काढला, तेव्हापासून आमच्या भागातली माणसे जड दुखण्याला मिरजेची वाट धरतात. तिथे सोबतच्या माणसाला चार दिवस राहायचे, खायचे, औषधाच्या दुकानात रोख मोजायचे, हे कुठल्या कार्डात बसते? निपाणीहून आलेली एक सभासद बहीण आयुष्यभर बिडी वळून आता दम्याने बेजार आहे. तिचा श्वासाचा पंप या निधीतून जात होता. ठरावानंतर तिने मला विचारले, "बाई, आमचं नाव काढलासा काय हो वहीतनं?" तिला काय सांगू, ते कमिटीने मला लिहून द्यावे.

माझी पहिली तक्रार छोटी आहे. पैसे बायकांनी जमवले, निर्णय पुरुषांनी घेतला, आणि तोही कामाच्या दिवशी भर दुपारी. त्या वेळी कुणी मागावर असते, कुणी शाळेत, कुणी लोकांच्या घरी भांडी घासत असते. कमिटीवर महिला मंडळाच्या दोन प्रतिनिधी आहेत. दोघींनाही विषयपत्रिका मिळाली नव्हती.

दुसरी तक्रार मात्र मोठी आहे, आणि ती वचनाबद्दल असल्यामुळे जरा थांबून मांडते.

इमारत निधीच्या आवाहनपत्रकावर बायबलातल्या मलाखीच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातले वचन ठळक छापले आहे. देवाला ठकवू नका, सगळा दशमांश भांडारात आणा, मग आकाशाच्या खिडक्या उघडतील. हे वचन ऐकत आपण सगळेच मोठे झालो. पण पत्रकात ते अर्धेच छापले आहे. भांडारात आणा, ते कशासाठी? तर देवाच्या घरात अन्न असावे म्हणून, असे त्याच वाक्यात पुढे म्हटले आहे. दशमांश म्हणजे धान्य, द्राक्षारस, तेल आणि जनावरे. ते खाणारी माणसे कोण, हे जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात नाव घेऊन सांगितले आहे. दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश आपापल्या गावातच साठवायचा आणि तो लेवी म्हणजे मंदिराचे सेवक, परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खायचा. त्याच अध्यायात वर असेही सांगितले आहे की दशमांशातून घरच्यांसह देवासमोर आनंदाने जेवावे. म्हणजे सणाला, जेवणाला, गोडाधोडाला शास्त्राची ना नाही. नाताळात मंडळीने एकत्र जेवावे, कुंड्याची मिठाई वाटावी, माझेही पान त्यात असते. पण विधवेचे पान उचलून त्याच्या जागी कमान वाढावी, असे वचन मला अजून कुणी दाखवलेले नाही.

जुन्या करारातल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातला प्रसंगही पाळकसाहेबांनी एकदा प्रवचनाला घ्यावा, ही विनंती. नहेम्या यरुशलेमला परत येतो तेव्हा मंदिरातली मोठी खोली, जिथे दशमांशाचे धान्य ठेवायचे, ती एका वजनदार माणसाला दिलेली असते. लेव्यांना त्यांचा वाटा मिळेनासा होतो आणि ते आपापल्या शेतांवर निघून जातात. नहेम्या काय करतो? त्या माणसाचे सामान बाहेर फेकतो, खोल्या शुद्ध करून घेतो, धान्य परत आणतो आणि वाटणीसाठी विश्वासू माणसे नेमतो. आपल्या खेड्यातल्या प्रचारकाचे मानधन गेल्या पावसाळ्यापासून थकले आहे. तो माणूस आता भातलावणीला रोजाने जातो. कमिटीतल्या एकाने याचे कौतुक केले, म्हणे प्रेषित पौलही तंबू शिवायचा. पौलाने तो निर्णय स्वतःसाठी घेतला होता, आणि सुवार्ता सांगणाऱ्याचा सुवार्तेवर चरितार्थ चालावा हा प्रभूचा नियम असल्याचेही त्यानेच लिहून ठेवले आहे.

आणि विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे तिने मंदिराच्या दानपेटीत टाकलेली दोन क्षुल्लक नाणी. देणगी गोळा करताना ही गोष्ट हमखास सांगितली जाते: पाहा, तिने आपली सारी उपजीविका दिली, मग तुम्ही का हात आखडता? मार्काचा बारावा अध्याय उघडून या गोष्टीच्या मागची आणि पुढची ओळ वाचा. मागच्या ओळीत येशू शास्त्र्यांवर, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंडितांवर, आरोप करतो की ते विधवांची घरे गिळतात आणि दिखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. पुढच्या ओळीत, म्हणजे तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीला, एक शिष्य मंदिराकडे बोट दाखवून म्हणतो, गुरुजी, केवढे हे चिरे, केवढ्या या इमारती! येशूचे उत्तर आपल्याला पाठ आहे: चिऱ्यावर चिरा राहणार नाही. गिळलेली घरे एका बाजूला, भव्य चिरे दुसऱ्या बाजूला, आणि मधे दानपेटीपाशी ती विधवा. तिच्या दानाचे येशूने मोल जाणले, यात वाद नाही. पण तिच्याजवळ दोनच टोल्या का उरल्या होत्या, हे त्याने एक ओळ आधी सांगून ठेवले आहे. इमारत निधीसाठी ही गोष्ट वापरताना निदान ती ओळ गाळू नका.

मी इमारतीच्या विरोधात आहे, असे आता सांगितले जाईल, म्हणून स्पष्ट करते. छप्पर गळते. बेळगावचा पाऊस कसा असतो ते आपण सगळे जाणतो. मंगळुरी कौले फुटली आहेत, वाशांना वाळवी लागली आहे, वेदीच्या डाव्या बाजूला बादली ठेवावी लागते. ते काम आधी करा. मी माझ्या निवृत्तिवेतनातून त्याला दिले आहे आणि पुढेही देईन. गंमत अशी की पहिल्या टप्प्यात कमान, मनोरा, ग्रॅनाइट आणि मोठा स्क्रीन आहे, छप्पर दुसऱ्या टप्प्यात आहे. रस्त्यावरून दिसते ते आधी, आत बसणाऱ्यांच्या डोक्यावर पडते ते नंतर.

आवाहनपत्रकात "दोनशे वर्षांचा वारसा" असेही छापले आहे. छापायला हरकत नाही. लंडन मिशनचे जोसेफ टेलर १८२० मध्ये बेळगावला आले, त्या अर्थी दोनशे वर्षे झालीच. पण त्या माणसांचा पैसा आणि दिवस कशात गेले? शाळांत. १८३१ मध्ये बेळगावातच जन्मलेले बाबा पदमनजी इथल्या मिशनच्या शाळेत शिकले आणि १८५४ मध्ये इथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. मराठी ख्रिस्ती साहित्याची सुरुवात ज्यांच्या नावाने सांगतात तो माणूस या गावाने दिला. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या आणि शेकडो उपाशी मुलींना आणि विधवांना घेऊन आल्या. पुण्याजवळच्या केडगावला आधी त्या मुलींची सोय झाली, मोठे मंदिर मागाहून उभे राहिले. वारशाचे नाव घ्यायचे तर हा क्रमही घ्या.

तिसरी तक्रार गाळ्यांच्या भाड्याची. रस्त्याकडेच्या गाळ्यांचे करार नव्याने झाले आणि भाडे चांगले वाढले, ही खजिनदारांची कर्तबगारी मी मान्य करते. पण अंदाजपत्रकाच्या छापील कागदावर "गोरगरीब साहाय्य" ही ओळ सर्वांत तळाशी आहे, आणि तिच्यापुढची रक्कम भाडे वाढण्याआधी होती तेवढीच आहे. तिच्या वरच्या ओळीत नाताळच्या रोषणाईचा आकडा आहे. दोन्ही आकडे मी इथे लिहीत नाही, मंडळीची अब्रू मलाही आहे. सभासदांनी कागद स्वतः पाहावा.

बेळगाव भागात १९०४ पासून मेथॉडिस्टांचे काम आहे, त्यामुळे त्या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांचे नाव इथे कुणाला परके नाही. ऑक्सफर्डला असताना एका वर्षी त्यांचे उत्पन्न ३० पौंड होते. २८ त भागले, २ दिले. पुढच्या वर्षी ६० मिळाले. खर्च २८च, ३२ दिले. ९० मिळाले तेव्हा ६२ दिले, १२० मिळाले तेव्हा ९२. आपल्या मंडळीचा ताळेबंद याच्या नेमका उलट चालला आहे: गरिबांचा आकडा जागच्या जागी आणि आपला खर्च उत्पन्नाच्या पुढे. हे फक्त कमिटीचे आहे असे मी म्हणणार नाही. पगार वाढला की आपण गाडी बदलतो, मुलीच्या लग्नाचा हॉल बदलतो, बाप्तिस्म्याच्या जेवणाचे ताट बदलतो, चौकातल्या फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे फोटो वाढतात. दानाच्या पाकिटातली नोट मात्र ओळखीची असते. कमिटी आपणच निवडून देतो, आणि ती आपल्यासारखीच निघते.

चौथी तक्रार वेळेची आहे. मला ती पैशाच्या तक्रारीहून गंभीर वाटते, कारण पैसा निदान वहीत सापडतो.

सभासद म्हणून मी इतिवृत्ताची वही मागून वाचली. ती दाखवल्याबद्दल चिटणीसांची आभारी आहे. कमानीवरचा क्रूस सोनेरी की पांढरा, दिवे आतून की बाहेरून, उद्घाटनाला कोणते पाहुणे, व्यासपीठावर खुर्च्या किती, हार कोण घालणार, यावर पानेच्या पाने भरली आहेत. "आजाऱ्यांच्या भेटी" हा विषयही पत्रिकेवर आहे, अगदी प्रत्येक सभेत आहे. आणि प्रत्येक वेळी त्याच्यापुढे एकच शेरा आहे: वेळेअभावी पुढील सभेत घ्यावा.

संडे स्कूलचे बघा. उपासनेआधीचा तो एक तास वर्धापनदिनाच्या नाचाच्या तालमींना दिला, आणि कार्यक्रम संपल्यावरही तो परत मिळाला नाही. आता तिथे ध्वनियंत्रणेची चाचणी चालते. मला नाच-नाटकाचे वावडे नाही, नाताळची नाटके मी स्वतः बसवली आहेत. पण आपली मुले आता कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. देवनागरी अक्षरे त्यांना हिंदीच्या तासामुळे येतात, तरी मराठी पवित्र शास्त्रातली पाच वचने न अडखळता वाचणे जमत नाही. तो रविवारचा तास हीच त्यांची मराठीशी आणि शास्त्राशी गाठ होती. उद्या ना. वा. टिळकांची ख्रिस्ती गीते गायला गायक कुठून आणणार, भाड्याने?

तरुण संघाबद्दल मी फार बोलत नाही. क्रिकेटच्या स्पर्धेला पंच, धावफलक, चहापाणी, बक्षिसे, सगळे बिनचूक होते. म्हणजे जमते, हे सिद्ध झाले.

ते जमवण्याची गरज कुठे आहे, ते सांगते. आमच्या वहीतल्या बहुतेक बायकांना पैशाइतकीच नड असते ती सोबत येणाऱ्या माणसाची. वृद्धापवेतनाचा अर्ज कन्नडमध्ये, बँकेतला कागद कन्नडमध्ये, दवाखान्याच्या खिडकीवरची पाटी कन्नडमध्ये. साठी ओलांडलेल्या मराठी बाईला ते वाचता येत नाही. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ८६५ सीमागावांतल्या लोकांसाठी आपली आरोग्य योजना खुली केली, पण कोणता दाखला लागतो, कुठल्या दवाखान्यात चालतो, हे तिला कोण समजावणार? दोन सरकारांच्या मधे राहणाऱ्या माणसाला कागद दुप्पट लागतात आणि ते भरून देणारा एकही भेटत नाही. आणि आपल्या मंडळीत झरझर कन्नड लिहिणारी, मोबाइलवर अर्ज भरणारी डझनभर मुले-मुली आहेत. त्यांच्या महिन्यातल्या एका शनिवारची किंमत पूर्ण मूठ तांदूळ निधीहून जास्त आहे.

हे लिहिताना मला प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय सतत आठवतो. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत रोजच्या वाटणीवरून कुरकुर झाली. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांची उपेक्षा होत होती आणि इब्री बोलणाऱ्यांच्या होत नव्हती. भाषेवरून दुरावा, त्यातही भरडल्या जातात त्या विधवा, हे काही बेळगावात पहिल्यांदा घडलेले नाही. प्रेषितांनी काय केले? मंडळीला बोलावले, सात माणसे निवडायला सांगितली, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलीच माणसे वाटणीवर बसवली, आणि त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. वाटणीचे काम इतके महत्त्वाचे मानले गेले. आपल्याकडे कमानीच्या कंत्राटदाराच्या हस्ते पूजा-नारळ नको म्हणून खास प्रार्थना ठेवली, ते बरेच केले. दवाखान्यात रांगेत उभे राहणाऱ्या माणसासाठी अशी प्रार्थना कधी झाली?

कृपा करून या मुद्द्याला मराठी-कन्नड रंग देऊ नका. मूठ तांदळाच्या वहीत कन्नड बोलणाऱ्या बहिणींची नावे आहेत, पूर्वीपासून आहेत, आणि त्यांच्या घरून मूठही येत होती.

पाचवी तक्रार ग्रॅनाइटच्या पाटीची. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, असे प्रभूने सांगितले. आपण ते दरपत्रक लावून कोरणार आहोत. ज्या बायकांनी वर्षानुवर्षे मूठ बाजूला काढली त्यांच्यापैकी एकीचेही नाव त्या पाटीवर बसणार नाही, आणि बसावे अशी त्यांची इच्छाही नाही. पण त्यांच्याच पैशातून त्या पाटीचा चौथरा बांधला जाणार, हे त्यांना सांगायची हिंमत कमिटीत कुणाला आहे?

आता मागण्या. यात वाटाघाटीचे काही नाही, सगळ्या आपल्या अधिकारातल्या आहेत.

मूठ तांदूळ निधी इमारत निधीत वर्ग करण्याचा ठराव मागे घ्यावा आणि रक्कम महिला मंडळाच्या खात्यात परत भरावी. पुढे या निधीबाबत काहीही ठरवायचे असेल तर महिला मंडळाच्या सभेत, बायकांना येता येईल अशा वेळी, मतदानाने ठरवावे.

खेड्यातल्या प्रचारकाचे थकलेले मानधन कमानीचे पुढचे बिल देण्याआधी चुकते करावे.

गाळ्यांच्या भाड्याचा दहावा हिस्सा गोरगरीब साहाय्याला द्यावा. सभासदांकडून दशमांश मागणाऱ्या मंडळीने स्वतःच्या उत्पन्नाचा दशमांश काढावा, यात जगावेगळे काही मागितलेले नाही.

इमारतीच्या कामाचा क्रम बदलून छप्पर पहिल्या टप्प्यात घ्यावे. पाटीवर देणगीदारांची नावे कोरू नयेत.

संडे स्कूलचा तास येत्या रविवारपासून परत द्यावा. ध्वनियंत्रणा शनिवारी तपासता येते.

आजाऱ्यांच्या भेटी हा विषय प्रत्येक सभेत सर्वांत आधी घ्यावा, आणि कमिटीच्या प्रत्येक सभासदाने महिन्यातून किमान दोन घरी जावे. कुठे गेलो ते इतिवृत्तात लिहावे. तरुण संघाकडून महिन्यातून एका शनिवारी अर्ज भरून देण्याची आणि दवाखान्यात सोबत जाण्याची सेवा सुरू करावी. वर्ग घ्यायचा झाल्यास मी येईन.

आणि सर्व निधींचा जमाखर्च दर तिमाहीला फळ्यावर लावावा. पौलाने यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी पोहोचवताना आपल्यासोबत मंडळ्यांनी निवडलेली माणसे घेतली, का, तर एवढ्या रकमेबाबत कुणी दोष ठेवू नये म्हणून. करिंथकरांस दुसरे पत्र, आठवा अध्याय. पौलाला साक्षीदार लागले, तर आपल्यालाही लागावेत.

काही बंधूंनी मला सुचवले की निर्णय फिरेपर्यंत दशमांश रोखून धरा, आणखी चार घरांना रोखायला सांगा, कमिटी आपोआप वळेल. तो मार्ग मी घेणार नाही. पैसा रोखून मंडळीला वळवणे ज्यांना परवडते ते आधीच ते करत आहेत, त्यातूनच कमान पहिल्या टप्प्यात आली. माझे पाकीट दर रविवारी येईल. फक्त यापुढे त्यावर कोणत्या कामासाठी ते मी लिहून देईन, आणि पावती मागेन. इतरांनीही तसे करायला हरकत नाही.

हे पत्र वार्षिक सभेत पूर्ण वाचले जावे आणि कमिटीचे उत्तर सभेआधी लेखी मिळावे, ही विनंती. मूठ तांदळाची वही माझ्याकडे आहे. कमिटीने मागितली तर महिला मंडळाच्या दोन प्रतिनिधींसमोर, पानांवर क्रमांक घालून आणि पोच घेऊन मी ती दाखवायला आणीन. ताब्यात मात्र ठराव मागे घेतल्याशिवाय देणार नाही. दम्याचा पंप या महिन्यात आम्ही काही जणींनी वर्गणी काढून पोहोचवला आहे. पुढच्या महिन्याचा पहिल्या आठवड्यात लागेल.

आपल्याच मंडळीची एक सभासद,
निवृत्त शिक्षिका, बेळगाव